गोरिलांच्या डायनबाई



आपल्या भित्तिपत्रकातल्या ‘थोरांची ओळख’ या सदरासाठी या महिन्यात मी एका परदेशी बाईंचं चरित्र लिहिलं आहे. त्यांचं नाव डायन फॉसी. नाव वाचून मागच्या बाकावरचे काही जण हसणार, हे मला ठाऊक आहे. हिंदी सिनेमात डायन म्हणजे चेटकीण असते ना! पण तिकडे अमेरिकेत हे मुलीचं साधं नाव आहे. आपण शाळेतल्या बाईंना जसं म्हणतो तसं मी त्यांना डायनबाई म्हणणार आहे.

डायनबाई १९६७ साली आफ्रिकेतल्या एका उंच डोंगरावर राहायला गेल्या आणि १९८५ साली तिथेच त्यांचा अंत झाला. त्या आधी लोक गोरिलाला राक्षस समजत असत. ‘किंग काँग’ नावाच्या १९३३ सालच्या सिनेमातही गोरिला तसाच दाखवला आहे, प्रचंड आणि सगळं मोडून टाकणारा. खरा गोरिला कसा असतो, हे डायनबाईंनी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आणि जगाला सांगितलं. त्या कशा बसल्या, किती दिवस बसल्या आणि त्यासाठी त्यांना काय सोसावं लागलं, ते आता वाचा.

जन्म व बालपण

डायनबाईंचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. त्या लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील श्रीमंत होते, पण घरात शिस्त फार कडक. मोठ्यांच्या जेवणाच्या टेबलावर लहानग्या डायनला जागा नव्हती. दहा वर्षांची होईपर्यंत ती घरकाम करणाऱ्या बाईबरोबर जेवायची. प्राण्यांची आवड खूप, पण घरात पाळायला मिळाला फक्त एक सोनेरी मासा. घोड्यावर बसायला मात्र ती लहानपणीच शिकली.

गुरांचा डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात होतं. त्या कॉलेजात गेल्या, पण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांत नापास झाल्या. मित्रांनो, हे मी मुद्दाम लिहिते आहे. नापास झालेला मुलगा संपला, असं आपल्याकडे लोक लगेच म्हणतात. डायनबाईंनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी अपंग आणि आजारी माणसांना हातापायांचा वापर पुन्हा शिकवण्याचं शिक्षण घेतलं. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. १९५४ साली त्या पदवीधर झाल्या.

पुढे त्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी अपंग मुलांच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथल्या काही मुलांना बोलता येत नसे, काही अनोळखी माणसाला घाबरत. अशा मुलाजवळ गडबड करून चालत नाही. गप्प बसावं लागतं, त्याला आपली सवय होऊ द्यावी लागते, मग ते मूल हळूच हात पुढे करतं. मला वाटतं, गोरिलांकडे जाण्याआधीचं त्यांचं खरं शिक्षण याच दवाखान्यात झालं.

आफ्रिकेची ओढ

आफ्रिका पाहायची त्यांना फार हौस होती. पैसे नव्हते. साठवलेले होते ते काढले, बँकेचं कर्ज घेतलं आणि १९६३ साली त्या सात आठवड्यांच्या प्रवासाला निघाल्या. वर्षभराच्या पगाराएवढा खर्च आला.

टांझानियात ओल्डुवाई नावाची घळ आहे. तिथे डॉ. लुई लीकी हे शास्त्रज्ञ आदिमानवाची हाडं शोधत होते. डायनबाई त्यांना भेटायला गेल्या आणि खणलेल्या जागी पाय घसरून पडल्या. घोटा चांगलाच मुरगळला. दुसरं कोणी असतं तर घरी परतलं असतं. डायनबाई लंगडत लंगडत, काठी टेकत, काँगो देशातला डोंगर चढून काबारा नावाच्या कुरणापर्यंत गेल्या. तिथे दाट झाडीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डोंगरी गोरिला पाहिले. आधी वास आला, मग आवाज, मग पानांआडून काळे चेहरे आणि चमकणारे डोळे. त्या दिवशीच त्यांनी मनाशी ठरवलं की इथे परत यायचं.

घरी येऊन त्या पुन्हा दवाखान्यात कामाला लागल्या, कारण कर्ज फेडायचं होतं. तीन वर्षांनी, १९६६ साली, लीकी व्याख्यान द्यायला लुईव्हिलला आले. त्यांना गोरिलांचा अभ्यास करणारी, वर्षानुवर्षं एका जागी राहील अशी व्यक्ती हवी होती. त्यांच्याच सांगण्यावरून जेन गुडॉल या बाई आधीपासून टांझानियात चिंपांझींचा अभ्यास करत होत्या. लीकींनी डायनबाईंची निवड केली.

इथे एक गंमत सांगते. डोंगरावर दवाखाना नाही, तेव्हा जाण्याआधी पोटातलं अपेंडिक्स काढून टाकावं, असं लीकी म्हणाले. डायनबाईंनी खरोखर ऑपरेशन करून घेतलं. नंतर लीकींचं पत्र आलं की त्याची तशी काही गरज नव्हती, तुमचा निश्चय किती पक्का आहे ते पाहत होतो!

काबाराहून पळ

डिसेंबर १९६६ मध्ये डायनबाई आफ्रिकेला निघाल्या. वाटेत जेन गुडॉल यांच्याकडे दोन दिवस राहून कामाची पद्धत पाहिली आणि जानेवारी १९६७ मध्ये काबाराला तंबू ठोकला.

हा भाग कुठे आहे ते नकाशावर पाहा. आफ्रिकेच्या मध्यभागी काँगो, रवांडा आणि युगांडा हे तीन देश जिथे मिळतात, तिथे आठ ज्वालामुखींची विरुंगा नावाची रांग आहे. डोंगरी गोरिलाची शास्त्रज्ञांना पहिली माहिती इथेच, १९०२ साली झाली. तीही एका जर्मन अधिकाऱ्याने गोरिला बंदुकीने मारले तेव्हा. पुढे १९२५ साली इथे अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान झालं. आफ्रिकेतलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान.

रानात माग कसा काढायचा, हे डायनबाईंना येत नव्हतं. ते त्यांना सान्वेक्वे या काँगोच्या वनरक्षकाने शिकवलं. मोडलेली काडी, दबलेलं गवत, ताजी लेंडी पाहून कळप कुठे गेला ते त्याला कळायचं. पुस्तकात डायनबाईंचं नाव मोठं असतं, पण त्यांना वाट दाखवणारे हात तिथल्याच माणसांचे होते. हे मला महत्त्वाचं वाटतं.

सहा महिने बरे गेले. जुलै १९६७ मध्ये काँगोत बंड झालं. शिपाई वर आले आणि डायनबाईंना खाली घेऊन गेले. तिथे त्यांना अडकवून ठेवलं. गाडीची नोंदणी युगांडात करायची आहे, असं निमित्त सांगून त्या शिपायांना घेऊनच सरहद्दीपार गेल्या आणि सुटल्या. सगळ्यांनी त्यांना सांगितलं की आता घरी जा. त्या गेल्या नाहीत. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला, रवांडा देशात, त्यांनी जागा शोधली.

कारिसोके

२४ सप्टेंबर १९६७ रोजी डायनबाईंनी नवा तळ उभारला. एका बाजूला कारिसिंबी हा ४५०७ मीटर उंचीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला विसोके. पहिल्याचं ‘कारि’ आणि दुसऱ्याचं ‘सोके’ घेऊन त्यांनी नाव ठेवलं कारिसोके. हा तळ सुमारे ३००० मीटर उंचीवर होता, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. सदा धुकं, पाऊस, चिखल आणि थंडी. कातडीला आग लावणारी काटेरी झुडपं कमरेइतकी. सुरुवातीला दोन तंबू, नंतर पत्र्याच्या खोल्या झाल्या. गावातले लोक त्यांना न्यिरामाचाबेली म्हणू लागले. डोंगरावर एकटी राहणारी बाई, असा त्याचा अर्थ सांगतात.

गोरिलांना माणसाची फार भीती होती. बंदूक, भाला आणि कुत्री, एवढंच त्यांनी माणसाकडून पाहिलेलं. डायनबाई दिसल्या की कळप पळायचा. मग त्यांनी काय केलं? त्या उभ्या राहीनात. गोरिला जसा हाताच्या मुठी टेकून चालतो, तशा त्या रांगत जाऊ लागल्या. जवळ जाऊन बसल्या की गोरिलासारखं अंग खाजवायच्या. गोरिला खातो त्या रानटी सेलरीचे देठ तोंडात धरून चघळायच्या. पोट भरलं की गोरिला घसा साफ केल्यासारखा खोल, समाधानाचा आवाज काढतो. तो आवाज त्या शिकल्या. भिऊ नका, मीही इथे खायलाच बसले आहे, असा त्याचा अर्थ.

असं एक दिवस नाही, महिनोन् महिने. पावसात भिजत. त्यांच्या फुप्फुसांना त्रास होता, चढताना दम लागायचा, उंचीची भीती वाटायची. तरी जात राहिल्या. शेवटी १९७० साली पीनट्स नावाच्या तरुण नराने पुढे येऊन त्यांच्या हाताला आपली बोटं लावली. रानातल्या मोकळ्या गोरिलाने माणसाला असा मैत्रीचा स्पर्श केल्याची ही पहिली नोंद मानतात. त्याच वर्षी जानेवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर डायनबाईंचा फोटो आला होता. बॉब कँपबेल या छायाचित्रकाराने तो काढला होता. डोंगरावरची बाई सगळ्या जगाला माहीत झाली.

त्यांनी काय शोधलं

तळाजवळच्या कळपांना त्यांनी ४, ५, ८, ९ असे आकडे दिले, पण प्रत्येक गोरिलाला मात्र नाव दिलं. ओळखायचं कसं? नाकावरून! आपल्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तशा प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या वळ्या वेगळ्या असतात. डायनबाई त्यांची चित्रं काढून ठेवत.

गोरिला कळप करून राहतो. कळपाचा म्होरक्या म्हणजे मोठा नर. बारा वर्षांच्या सुमाराला नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. वजन दीडशे किलोच्या वर. एवढा दांडगा गडी, पण खातो काय? पाला, देठ, साल, बांबूचे कोंब. छाती बडवतो, ओरडतो, अंगावर धावून येतो, पण बहुतेक वेळा तो नुसता धाक असतो. लहान पिल्लं त्याच्या अंगावर घसरगुंडी खेळतात आणि तो गप्प पडून राहतो. रोज संध्याकाळी प्रत्येक मोठा गोरिला पाल्याची नवी गादी करतो आणि सकाळी ती सोडून पुढे जातो.

मादीला एका वेळी साधारण एकच पिल्लू होतं आणि पुढचं पिल्लू व्हायला चारेक वर्षं लागतात. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. एक गोरिला मेला तर त्याची जागा भरायला फार वर्षं जातात.

हे सगळं लिहून डायनबाईंनी इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली. कॉलेजात दोन विषयांत नापास झालेल्या बाई डॉ. फॉसी झाल्या! १९८३ साली त्यांचं ‘गोरिलाज इन द मिस्ट’ म्हणजे धुक्यातले गोरिला हे पुस्तक आलं. ते पुष्कळ देशांत वाचलं गेलं.

कोको आणि पकर

१९६९ साली जर्मनीतल्या कोलोन शहराच्या प्राणिसंग्रहालयासाठी गोरिलाचं पिल्लू पकडलं गेलं. पिल्लू पकडणं म्हणजे नुसतं उचलून आणणं नव्हे. सगळा कळप पिल्लासाठी मरेपर्यंत भांडतो. कोको आणि पकर या दोन पिल्लांना पकडताना मिळून अठरा गोरिला मारले गेले, असं डायनबाईंनी लिहून ठेवलं आहे.

दोन्ही पिल्लं मरायला टेकलेली होती. डायनबाईंनी त्यांना आपल्या खोलीत ठेवलं, दूध पाजलं, औषध दिलं, रानातून पाला आणून खोलीतच जंगल केलं. पिल्लं जगली आणि डायनबाईंच्या गळ्यात पडू लागली. त्यांना पुन्हा रानात सोडायची डायनबाईंची इच्छा होती. पण पिल्लांवर हक्क दुसऱ्यांचा होता. दोघांना पेटीत घालून जर्मनीला नेलं. १९७८ साली, एका महिन्याच्या आत, दोघंही तिथे मेली.

डिजिट

आता डिजिटबद्दल लिहिते. इंग्रजीत डिजिट म्हणजे बोट. या नराचं एक बोट दुखावून वाकडं झालं होतं, म्हणून हे नाव. डायनबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. चौथ्या कळपात त्याच्या बरोबरीचं खेळायला कोणी नव्हतं. म्हणून तो डायनबाईंजवळ यायचा, त्यांची वही, पेन, हातमोजे हुंगून बघायचा आणि परत द्यायचा. रवांडाच्या पर्यटन खात्याने लोकांना बोलावण्यासाठी त्याच्याच फोटोचं भित्तिचित्र छापलं होतं.

मोठा झाल्यावर तो कळपाचा राखणदार झाला. ३१ डिसेंबर १९७७ रोजी चोरटे शिकारी कुत्री घेऊन आले. डिजिट एकटा त्यांना सामोरा गेला. त्याच्या अंगावर भाल्याचे पाच वार झाले. तरी त्याने एक कुत्रा मारला आणि शिकाऱ्यांना अडवून धरलं. तेवढ्यात कळपातले बाकीचे सगळे निसटले. शिकाऱ्यांनी त्याचं डोकं आणि हात तोडून नेले, कारण श्रीमंत परदेशी लोक अशा वस्तू शोभेसाठी विकत घेत. पुढच्या जुलैत कळपाचा म्होरक्या अंकल बर्ट आणि माचो ही मादी बंदुकीने मारली गेली. माचोचं पिल्लू क्वेली जखमेने तीनेक महिन्यांनी गेलं. म्होरक्या मेला की कळपात गोंधळ होतो आणि दुसरे नर लहान पिल्लांना मारतात. डिजिटची मुलगी म्वेलू त्याच्या मरणानंतर जन्मली होती. तीही अशीच गेली. म्हणजे गोळी लागली एकदोघांना, पण मोडला सगळा कळप.

चोरट्यांशी झुंज

डिजिट गेल्यावर डायनबाईंनी १९७८ साली डिजिटच्या नावाने निधी उभारला. त्या पैशातून तिथल्याच माणसांच्या गस्ती सुरू केल्या. रानात लहान हरणांसाठी तारेचे आणि दोरीचे फास लावलेले असत. त्यात गोरिलाचा हात किंवा पाय अडकला की तार मांसात रुतते, जखम सडते आणि तो मरतो. १९७९ मध्ये चार गस्तवाल्यांनी चार महिन्यांत ९८७ फास तोडले. चार माणसं आणि ९८७ फास! हिशेब करून पाहा, दिवसाला आठ पडतात.

पण डायनबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांना राग आवरत नसे. त्यांनी उद्यानात शिरलेली गुरं अडवून ठेवली, काही गुरांवर गोळ्याही झाडल्या. शिकाऱ्यांची खोपटी जाळली. मुखवटे घालून आणि मंत्रतंत्राचा देखावा करून लोकांना भिववलं. पकडलेल्या माणसांना मारलं. सुरुवातीला मी म्हटलं की त्या चेटकीण नव्हत्या. पण चेटकीण असल्याचं सोंग मात्र त्यांनी घेतलं होतं!

थोरांच्या चरित्रात असं लिहू नये, असं काही जण म्हणतात. मला वाटतं, लिहावं. कारण डोंगराखाली कोण राहत होतं, तेही आपण पाहायला हवं. रवांडा हा लहान देश, माणसं खूप आणि जमीन थोडी. डोंगराच्या पायथ्यापर्यंत बटाटे, घेवडा यांची शेती. १९६९ च्या सुमाराला उद्यानाचा फार मोठा तुकडा तोडून तिथे पायरेथ्रम लावला. ही शेवंतीसारखी फुलं असतात, त्यांच्यापासून कीटकनाशक करून परदेशी विकत. बाट्वा जमातीचे लोक तर पिढ्यान् पिढ्या त्याच रानात शिकार करून पोट भरत होते. त्यांना एके दिवशी सांगितलं गेलं की आता हे चोरी आहे. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे, तो हरणासाठी फास लावतो. त्यात गोरिला अडकतो. गोरिलाचाही दोष नाही आणि त्या माणसाची भूकही खोटी नाही. डोकी विकत घेणारे व्यापारी आणि परदेशी गिऱ्हाईक यांची गोष्ट वेगळी.

आपण शेतकऱ्यांची मुलं आहोत. रात्रीतून रानडुकरांनी भुईमूग उकरला की घरात काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून मला डायनबाईंचा राग समजतो आणि त्या माणसांचंही समजतं. गोरिलाजवळ बसायला त्यांनी जेवढा धीर धरला, तेवढा धीर गावकऱ्यांजवळ बसायला धरला असता तर? हा प्रश्न मी वर्गात विचारला. निम्म्यांचं म्हणणं, तेवढ्यात सगळे गोरिला संपले असते. निम्मे म्हणाले, गावाला बरोबर घेतल्याशिवाय रान टिकत नाही. तुम्हाला काय वाटतं ते खाली लावलेल्या कोऱ्या कागदावर लिहा. पालकांनीही लिहावं.

त्याच सुमाराला दुसऱ्या काही संशोधकांनी नवीन वाट धरली. थोड्या पाहुण्यांना पैसे घेऊन गोरिला दाखवायचे आणि गावागावांत, शाळांमधून गोरिलांची माहिती द्यायची. डायनबाईंना हे पसंत नव्हतं. माणसं येतील, रोग आणतील, गोरिलांची शांतता मोडतील, अशी त्यांना काळजी होती. ती काळजीही अगदी खोटी नव्हती.

अंत

२७ डिसेंबर १९८५ रोजी सकाळी डायनबाई कारिसोकेच्या आपल्या खोलीत मृत सापडल्या. रात्री कोणीतरी आत शिरून कोयत्यासारख्या हत्याराने त्यांना मारलं होतं. त्या ५३ वर्षांच्या होत्या. कोर्टाने एका माणसाला त्याच्या गैरहजेरीत शिक्षा दिली, पण खरा मारेकरी कोण, याबद्दल लोकांची खात्री पटली नाही. मारल्या गेलेल्या गोरिलांना डायनबाई आपल्या खोलीजवळच पुरत असत. त्याच जागी, डिजिटच्या शेजारी, त्यांना पुरलं. थडग्यावर गावच्या लोकांनी दिलेलं न्यिरामाचाबेली हे नावही कोरलं आहे.

नंतर काय झालं

१९६० च्या सुमाराला विरुंगात चारशे ते पाचशे गोरिला असावेत, असा जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाचा अंदाज होता. १९८१ च्या मोजणीत ते अडीचशेच्या आसपास उरले. डोंगरी गोरिला ज्या शतकात सापडला त्याच शतकात संपणार, अशी भीती डायनबाईंना वाटत होती.

तसं झालं नाही. १९९४ साली रवांडात भयंकर नरसंहार झाला, लाखो माणसं मारली गेली. कारिसोकेचा तळ लढाईत उद्ध्वस्त झाला. तरीसुद्धा तिथले माग काढणारे लोक जमेल तेव्हा परत डोंगरावर जाऊन गोरिलांची खबर घेत राहिले. संशोधन केंद्र खाली गावात हललं आणि चालू राहिलं. डिजिटच्या निधीला १९९२ पासून डायनबाईंचं नाव दिलं आहे.

ज्या पर्यटनाला डायनबाईंचा विरोध होता, त्याचाही पुढे उपयोग झाला. एका कळपाकडे दिवसाला आठच पाहुणे, तेही एक तास आणि काही मीटर लांबून, असा नियम केला. आपला सर्दीखोकला गोरिलाला होतो आणि त्याने तो मरू शकतो, म्हणून हात लावायला बंदी. पर्यटनाच्या पैशातला काही वाटा २००५ पासून भोवतालच्या गावांना मिळू लागला. त्यातून शाळा, पाणी, दवाखाने झाले. त्याच सालापासून रवांडात दरवर्षी गोरिलांच्या नव्या पिल्लांचं मोठ्या थाटात बारसं होऊ लागलं. डायनबाईंनी प्रत्येकाला नाव दिलं होतं ना, त्याची आता जत्रा झाली!

२०१८ साली विरुंगाच्या मोजणीचा आकडा जाहीर झाला, तो ६०४. युगांडातल्या बविंडी रानातले आणि त्याला लागून असलेले धरून पुढच्या वर्षी एकूण संख्या १०६३ झाली. तेवढ्या साऱ्या जगात. आपल्या बाजारगावच्या एखाद्या आठवडी बाजारात याहून जास्त माणसं असतात. म्हणजे धोका टळलेला नाही, पण आकडा वाढतो आहे. माणसाच्या जवळच्या नातेवाइकांपैकी, म्हणजे मोठ्या वानरांपैकी, संख्या वाढलेली असे हे फार थोड्यांतले एक आहेत.

मला डायनबाईंपासून काय शिकायला मिळालं, ते लिहून लेख संपवते. ज्याची आपल्याला भीती वाटते, त्याच्याजवळ जाऊन, गप्प बसून, नीट पाहावं. मग तो प्राणी असो, नवीन आलेला मुलगा असो की दुसऱ्या गावचा माणूस. डायनबाईंना हे गोरिलांच्या बाबतीत पूर्ण जमलं. माणसांच्या बाबतीत ते काम राहिलं, ते त्यांच्यामागून आलेल्या लोकांनी आणि रवांडाच्या गावकऱ्यांनी पुढे नेलं. दोन्ही कामं झाली म्हणून आज त्या डोंगरावर पिल्लं खेळत आहेत.

अशा या डायनबाईंना आणि त्यांच्याबरोबर पावसात माग काढत फिरणाऱ्या सगळ्या माणसांना माझं विनम्र अभिवादन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी